बाळंतिणीचे मन : ओळख, विचारपूस आणि उपचार

घरात मूल जन्मास येणे ही आनंदाची गोष्ट होय. पेढे वाटले जातात, विहारात किंवा घरीच त्रिसरण-पंचशील घेऊन नामकरण विधी होतो, पाहुणे येतात आणि बाळाच्या हातावर पैसे ठेवतात. येणारा प्रत्येकजण बाळाकडे पाहतो. बाळ कोणाच्या वळणावर गेले, वजन किती भरले, दूध पुरते का, रात्री रडते का, हे सारे विचारतो. शेजारी बसलेल्या त्याच्या आईला मात्र "जेवलीस का?" यापलीकडे सहसा कोणी काही विचारत नाही. तिच्या मनाचे कसे चालले आहे, हा प्रश्न आपल्या बोलण्याच्या रीतीतच बसत नाही.

बाळंतपणानंतर येणारे नैराश्य हा आजार आहे. तो ओळखता येतो आणि उपचाराने बराही होतो. या गोष्टी विष्णुपुरी व आसपासच्या वस्त्यांतील प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात, या हेतूने आम्ही हा अभ्यासलेख वाचक भगिनी आणि बंधूंपुढे ठेवीत आहोत. विहारात महिलांची बैठक भरते, वर्षावासात वाचन होते. अशा वेळी हा लेख कोणीतरी मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलावे, अशी आमची अपेक्षा आहे.

आजार किती घरांत आढळतो

हा शहरातल्या शिकलेल्या बायकांचा आजार आहे, आपल्या कष्टकरी बायांना असले काही होत नाही, असे अनेकांना वाटते. ही समजूत खरी नाही. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांची एकत्रित पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्या अभ्यासांत मिळून वीस हजारांहून अधिक माता होत्या. त्यांपैकी सुमारे २२ टक्के मातांना बाळंतपणानंतरचे नैराश्य असल्याचे दिसले. म्हणजे पाच बाळंतिणींमागे एक.

आपल्या शेजारच्या गोव्यात या विषयावर फार महत्त्वाचे काम झाले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांची नोंद केली आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी त्यांची विचारपूस केली. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात २३ टक्के माता सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास नैराश्यात होत्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. या आजारी मातांपैकी बहुतेकींना मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि घरातील मारहाण यांचा या आजाराशी जवळचा संबंध दिसला. मुलगी झाली असेल तर हा धोका आणखी वाढत होता.

याच अभ्यासातील बालकांविषयीचा भाग २००३ साली प्रसिद्ध झाला. आई नैराश्यात असलेल्या घरांतील बाळांमध्ये सहा महिन्यांच्या वयाला वजन व उंची कमी भरण्याचे प्रमाण जास्त होते. आपण बाळाला वजनकाट्यावर घालतो आणि वजन भरले नाही की आईला बोल लावतो. ती स्वतःच आजारी असेल, हे लक्षात घेत नाही.

तीन वेगळ्या अवस्था

बाळंतपणानंतर मनात होणारे बदल एकाच तऱ्हेचे नसतात. त्यांतील फरक समजला की कोठे धीर धरायचा आणि कोठे धावपळ करायची, हे कळते.

पहिली अवस्था हळवेपणाची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बाळंतिणीला उगाच रडू येते, चिडचिड होते, घटकेत हसू तर घटकेत आसवे येतात. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हे होते. हा आजार नव्हे. विश्रांती, झोप आणि प्रेमाचे दोन शब्द मिळाले की हा हळवेपणा दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो.

दुसरी अवस्था नैराश्याची. उदासी दोन आठवडे उलटले तरी जात नाही, उलट वाढत जाते. हे पहिल्या महिन्यात सुरू होऊ शकते, तसेच चौथ्या किंवा सहाव्या महिन्यातही, आणि वर्षभरात केव्हाही. त्यामुळे सव्वा महिना झाला, आता काळजी नाही, असे समजू नये. या अवस्थेला उपचार लागतो.

तिसरी अवस्था तीव्र मनोविकाराची. ही विरळा असते, हजार बाळंतपणांत एखाद-दुसरी. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत ती एकाएकी सुरू होते. बाळंतीण रात्र-रात्र झोपत नाही आणि तरीही थकत नाही, असंबद्ध बोलते, कोणी नसताना आवाज ऐकू येतात असे सांगते, घरच्यांवर संशय घेते. बाळाविषयी ती भलतेच काही बोलू लागते, बाळ आपले नव्हेच किंवा बाळात काहीतरी शिरले आहे, असे म्हणते. अशा वेळी एक दिवसही थांबू नये. सर्पदंशाच्या रुग्णाला जसे तातडीने नेतो, तसे तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. योग्य उपचाराने या स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

कसे ओळखावे

आपल्याकडची बाई "मला नैराश्य आले आहे" असे म्हणत नाही. ती आपल्या बोलीत सांगते. "जीव घाबरा होतो", "डोकं बधिर झालंय", "छातीत धडधड होते", "हातापायात त्राण नाही", "कशात मन लागत नाही", "करमत नाही", "कसंतरीच होतंय". ऐकणारा म्हणतो, अशक्तपणा आहे, टॉनिक आणा. टॉनिकची बाटली संपते, त्रास तसाच राहतो. गोव्याच्या अभ्यासात नैराश्य असलेल्या माता इतरांपेक्षा जास्त वेळा दवाखान्याच्या पायऱ्या चढत होत्या, असे दिसले. अंगाच्या दुखण्याआड मनाचे दुखणे राहून जाते, ते असे.

पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज दिसत असतील तर लक्ष द्यावे.

१) दिवसाचा बराच वेळ उदास राहणे, एकटीने रडणे किंवा रडूही न येण्याइतके कोरडे होणे.
२) पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी न वाटणे, कोणाशी बोलू नये, कोणी भेटायला येऊ नये असे वाटणे.
३) बाळ झोपलेले असतानाही झोप न लागणे.
४) अन्नावरची वासना जाणे, किंवा नुसते खात सुटणे.
५) बाळाविषयी माया वाटत नाही असे वाटणे आणि त्याची मनात लाज बाळगणे. काही मातांच्या बाबतीत उलट घडते. बाळाला काही होईल या धास्तीने त्या त्याला क्षणभरही दृष्टीआड करीत नाहीत.
६) "मी चांगली आई नाही", "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास", असे पुनःपुन्हा म्हणणे.
७) साधा निर्णयही घेता न येणे, हातातले काम विसरणे.
८) "मी नसते तर बरे झाले असते", "निघून जावंसं वाटतं", असे बोलणे.

यांतील शेवटचे लक्षण दिसले तर दोन आठवडे मोजत बसू नये. असे बोलणे म्हणजे नखरा किंवा धमकी नव्हे. ते मदतीचे मागणे आहे.

कारणे कोणती

पहिले कारण शरीराचे. गरोदरपणात वाढलेले संप्रेरकांचे प्रमाण बाळंतपणानंतर काही दिवसांतच झपाट्याने खाली येते. काही स्त्रियांत याच काळात थायरॉईडचे कार्य बिघडते. रक्तक्षय तर आपल्याकडे घरोघरी आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यात रात्रीची सततची जागरणे. अशा शरीरात मन टवटवीत राहावे ही अपेक्षाच चुकीची.

दुसरे कारण मागील आजाराचे. पूर्वी कधी नैराश्य आले असेल, मागच्या बाळंतपणात असा त्रास झाला असेल, किंवा माहेरच्या कोणाला मनाचा आजार असेल, तर धोका अधिक असतो. ही माहिती लपवू नये, गरोदरपणातच नर्सताईंना किंवा डॉक्टरांना सांगावी.

तिसरे कारण परिस्थितीचे, आणि आपल्या मराठवाड्यात ते फार मोठे आहे. कमी वयात लग्न झालेली मुलगी स्वतः पुरती वाढलेली नसताना आई होते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील बाई फडावरच्या कोपीत बाळंतपणाचे दिवस काढते आणि अंगात ताकद येण्याआधीच पुन्हा मोळी उचलते. नवऱ्याचा रोजगार सुटतो, दारू वाढते, हात उगारला जातो. ज्यांचे बाळ दगावले किंवा दिवसच्या दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले, त्या मातांचे दुःख तर निराळेच. या सर्वांवर कळस म्हणजे मुलगी झाली म्हणून पडलेली तोंडे. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, ही गोष्ट शाळेत शिकवली जाते. तरी घरात दोष सुनेलाच दिला जातो.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका घरचे नाही, अनेक घरांत घडणाऱ्या गोष्टी त्यात एकत्र केल्या आहेत. सुनेला दुसरी मुलगी झाली. सासूबाई वाईट नाहीत, त्या रोज डिंकाचा लाडू पुढे ठेवतात, पण उसासा टाकून ठेवतात. नवरा सकाळी कामाला जातो आणि रात्री उशिरा येतो. बाळ रात्री जागते. तिसऱ्या आठवड्यापासून सून गप्प होते, वेणी घालत नाही, मोठ्या मुलीवर खेकसते. सासूबाई म्हणतात, "आमी पाच लेकरं वाढवली, आमाला नाही असं काही झालं." नवरा म्हणतो, "हिला कामाचा कंटाळा." माहेरची आई फोनवर सांगते, "सोस माय, बाईचा जन्मच असा." तिघांपैकी कोणीही तिचे वाईट चिंतीत नाही. पण तिघांच्याही बोलण्याचा अर्थ ती एकच काढते, की दोष माझा आहे. आजार वाढायला एवढे पुरते.

गैरसमज आणि देवऋषी

बाळंतीण गप्प झाली, असंबद्ध बोलू लागली, की बाहेरची बाधा झाली, नजर लागली, असे कोणीतरी सुचवते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून आपल्या समाजाने अंगारे-धुपारे सोडले, असे आपण अभिमानाने सांगतो. तरी घरात आजारपण आले आणि माणूस घाबरला, की काही पावले पुन्हा त्या वाटेला वळतात. हे आम्ही कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. भीती माणसाला कोठेही नेते. पण त्यात जाणारे आठ-पंधरा दिवस बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतात.

भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ साली झाला. घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि शेजाऱ्यांनीही.

दुसरा गैरसमज असा की मानसोपचाराचे औषध सुरू झाले की जन्मभर सुटत नाही आणि दूध पाजता येत नाही. तो खरा नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तिसरा गैरसमज बदनामीचा. मनोविकार विभागात गेल्याचे कळले तर लोक वेडी म्हणतील, धाकट्या नणंदेच्या सोयरिकीत अडचण येईल, असे वाटते. आम्ही एवढेच विचारतो, की रक्त कमी झाले म्हणून रक्त चढवले तर कोणी नाव ठेवीत नाही, मग मन खचले म्हणून औषध घेतले तर का ठेवावे?

कसे विचारावे

विचारणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. त्याला शिक्षण लागत नाही, पण रीत लागते.

बाळंतिणीला चारचौघांत विचारू नये. बाळ झोपले असताना, एकटीजवळ बसून, घाई न करता विचारावे. "बाळाचं कळलं माय, तू कशी आहेस ते सांग." मग गप्प राहावे. ती लगेच बोलणार नाही. ती बोलू लागली की मध्येच उपदेश करू नये, "आमच्या वेळी" असे सुरू करू नये, "एवढं गोंडस लेकरू आहे आणि रडतेस काय" असे तर मुळीच म्हणू नये.

डॉक्टर मंडळी आरंभी दोन साधे प्रश्न विचारतात. गेल्या महिन्याभरात वरचेवर उदास किंवा हताश वाटून त्रास झाला का? कोणत्याही गोष्टीत गोडी किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर "हो" आले तर पुढची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी करण्यासाठी १९८७ साली स्कॉटलंडमध्ये दहा प्रश्नांची एक पत्रिका तयार झाली. तिला एडिंबरा पत्रिका म्हणतात आणि ती आज जगभर वापरली जाते. मागच्या सात दिवसांत कसे वाटले, हे तिच्यात विचारतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दलचा आहे. त्याचे उत्तर थोडेही "हो" असले, तरी बाकी गुण कितीही कमी असोत, त्या मातेकडे त्वरित लक्ष द्यावे लागते.

जिवाचे बरेवाईट करण्याविषयी विचारले तर तो विचार तिच्या डोक्यात आपणच घालू, अशी भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही. उलट कोणी सरळ विचारले, की मनावरचे ओझे हलके होते.

विचारण्यासाठी वेगळी योजना काढण्याचीही गरज नाही. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यानंतर लसीकरणाला जावेच लागते. त्या प्रत्येक वेळी बाळाबरोबर आईचीही विचारपूस व्हावी. आशाताईंनी विचारले नाही तर घरच्यांनी आपणहून सांगावे.

घराने काय करावे

झोप द्यावी. रात्री सलग चार-पाच तास झोप मिळाली तरी मनाला मोठा आधार होतो. संध्याकाळी लवकर दूध पाजून बाळ नवऱ्याने किंवा सासूबाईंनी घ्यावे आणि बाळंतिणीला निजू द्यावे. वडिलांनी लंगोट बदलला, बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या, तर कमीपणा येत नाही.

पोटभर द्यावे. बाळंतिणीला हे चालत नाही, ते चालत नाही, असे करीत तिच्या ताटातून भाज्या, फळे, डाळ काढून घेऊ नये. लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात.

एकटी ठेवू नये, आणि गर्दीतही ठेवू नये. पाहुण्यांच्या चहापाण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणी घ्यावी. बाळंतिणीची एखादी मैत्रीण, बहीण, जाऊ रोज थोडा वेळ येऊन बसली तर फार उपयोग होतो. अंधाऱ्या खोलीत दिवसच्या दिवस कोंडून न ठेवता सकाळच्या उन्हात थोडे चालू द्यावे.

बोलणे सांभाळावे. मुलगी झाली याबद्दल एकही शब्द, एकही उसासा नको. मारहाण होत असेल तर कोणत्याही औषधाने ती बाई बरी होणार नाही. तेथे आधी मारहाण थांबली पाहिजे आणि त्यासाठी शेजाऱ्यांनी, महिला मंडळाने पुढे झाले पाहिजे.

उपचार कसा व कोठे

सौम्य आजारात समुपदेशन, म्हणजे शिकलेल्या माणसाने ठरावीक रीतीने केलेली बोलणी, पुरेशी होतात. याविषयी एक मोठा प्रयोग पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात झाला. तेथे आपल्या आशाताईंसारख्याच गावपातळीवरील आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्याकरवी नैराश्यातील मातांशी घरोघरी बोलणी करवली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी, अशी बोलणी झालेल्या मातांपैकी २३ टक्के अजून नैराश्यात होत्या, तर नुसत्या नेहमीच्या गृहभेटी मिळालेल्या मातांत हे प्रमाण ५३ टक्के होते. पुढे गोव्यातही साध्या गृहिणींना प्रशिक्षण देऊन अशीच पद्धत वापरली गेली आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तेथील फायदा तुलनेने थोडा होता, पण गावातल्या बाया हे काम करू शकतात, एवढे त्यातून दिसले.

आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर औषध लागते. दूध पाजणाऱ्या आईलाही देता येतील अशी औषधे आहेत. डॉक्टरांना "मी अंगावर पाजते" हे आवर्जून सांगावे. नैराश्यावरच्या या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणत सोडू नयेत. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने घ्याव्यात आणि आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. रक्त आणि थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी.

आता कोठे जायचे ते पाहू. पहिला टप्पा आशाताई, उपकेंद्रातील नर्सताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. पुढचा टप्पा आपल्या दाराशीच आहे. १९८८ साली सुरू झालेले, आणि डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आज विष्णुपुरीतच आहे. असर्जन, तुप्पा, धनेगावच्या बायांनाही ते जवळ आहे. तेथे प्रसूती विभाग आहे, बालरोग विभाग आहे, तसा मनोविकार विभागही आहे. बाळंतपणासाठी आपण त्या इमारतीत जातोच. त्याच इमारतीतील आणखी एका दारापर्यंत जायचे आहे, एवढेच. लातूरकडील वाचकांसाठी तेथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. कोणत्या विभागात जावे हे कळत नसेल तर केसपेपर काढतानाच "बाळंतपणानंतर मनाचा त्रास आहे" असे सांगावे. बाळाला बरोबर न्यावे आणि सोबत घरचे एक माणूस असावे.

घराबाहेर पडणे शक्य नसेल तर फोन आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलि-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा बाळंतिणीला क्षणभरही एकटी सोडू नये. शेतीची फवारणीची औषधे, घरातल्या गोळ्या, दोर यांपासून तिला दूर ठेवावे आणि बाळ दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असावे.

कायद्याचेही थोडे सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. दाखल झालेल्या आईपासून तिच्या तीन वर्षांखालील मुलाला, बाळाला काही धोका नसेल तर, सहसा वेगळे करू नये असे त्यात म्हटले आहे. म्हणून "दाखल केले तर लेकरू तोडतील" ही भीती नको. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर आई व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष २००९ सालापासून आहे. एखाद्या बाईने जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला असला, तरी ती तीव्र ताणाखाली होती असेच हा कायदा मानतो आणि तिला उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. पोलिसांच्या भीतीने तिला घरात लपवून ठेवू नये.

बाळंतिणीची विश्रांती हा हक्क आहे

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, तो कायदा झाला. ज्या माणसाने हे मांडले, त्याच्या स्वतःच्या घरात पाच लेकरांपैकी चार दगावली होती. माता रमाईंनी ते दुःख कसे सोसले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्या काळात आईच्या मनाचा आजार ओळखायला पत्रिका नव्हती, औषध नव्हते, जवळ रुग्णालय नव्हते. आज तिन्ही आहेत. उरते ते आपण विचारण्याचे.

म्हणून आमची वाचकांना तीन कामांची विनंती आहे. आपल्या वस्तीत ज्या घरी गेल्या वर्षभरात बाळंतपण झाले, त्या घरांची यादी महिला मंडळाने करावी आणि प्रत्येक घरी दोघींनी महिन्यातून एकदा जाऊन केवळ आईची विचारपूस करावी. नामकरण विधीला जमलेल्या मंडळींपुढे पाच मिनिटे या आजाराची माहिती द्यावी आणि १४४१६ हा क्रमांक सांगावा. आणि एखाद्या बाईला रुग्णालयात न्यायचे ठरले, तर तिच्या घरी स्वयंपाकाची व मोठ्या लेकरांची सोय शेजारणींनी वाटून घ्यावी, म्हणजे "घर कोण पाहील" या एका अडचणीपायी उपचार थांबणार नाही.

या तिन्ही कामांना पैसा फारसा लागत नाही. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत यादी करण्यापासून आरंभ करावा.